पाटीच्या दगडाचा उतार

जर्मनीतल्या ट्रियरच्या जुन्या पुलावरून सायकल नेताना कठड्यापाशी थांबा आणि खाली पाहा. पाण्यात रुतलेले ते काळे खांब दुसऱ्या शतकातले आहेत. रोमन कारागिरांनी ते उभे केले, आणि आज त्यांच्यावरून मोटारी धावतात. मोझेलच्या खोऱ्यात काळ असा एकावर एक रचलेला आहे, त्यामुळे इथं वर्ष बदलायला कसलंही यंत्र लागत नाही. सायकल, आगगाडी आणि दोन पाय पुरतात. एक मात्र निघतानाच ठरवा: नजर नदीवर कमी आणि उतारावर जास्त ठेवायची. नदी सगळेच पाहतात.

पुलाखालून निघालेली ही नदी कोब्लेंझला ऱ्हाइनला मिळेपर्यंत इतकी वळणं घेते, की सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेलं अंतर जवळजवळ दुप्पट होतं. बहुतेक वळणांवर एक काठ सपाट असतो आणि समोरचा उभा. ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासच्या या थंड मुलुखात उत्तम द्राक्षं पिकतात ती त्या उभ्या काठावर, तेही त्याचं तोंड दक्षिणेकडे असेल तर. पायाखाली माती अशी नाहीच. आहे तो पाटीच्या दगडाचा चुरा, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी बसलेल्या गाळापासून घडलेला. तो दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री वेलींना परत देतो. प्रत्येक वेलीला तिचा स्वतंत्र खांब, आणि त्यावर दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेल्या. नाशिकच्या बागेत मांडवाखाली सपाट जमिनीवर काम केलेल्या माणसाला हा चढ पाहून आधी आपल्या पोटऱ्या आठवतील. आपल्याकडची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी असा दुहेरी हंगाम इथं नाही. हिवाळ्यात वेल झोपते तेव्हा, बोटं गारठवणाऱ्या थंडीत, वर्षाची एकच छाटणी होते.

काठाकाठानं पॅडल मारत नॉयमागेनला पोचलात की सन २२०च्या आसपास आलात असं समजा. रस्त्याच्या कडेला एका व्यापाऱ्याचं स्मारक उभं राहतंय. पाथरवटाचं काम संपलंय आणि रंगारी शेवटचा हात फिरवतोय. दगडातून एक जहाज कोरून काढलंय. त्याच्यावर आडवी ठेवलेली मोठाली लाकडी पिंपं, वल्ह्यांची रांग, वल्हेकऱ्यांची डोकी. जहाजावरच्या एकाच्या चेहऱ्यावर चक्क हसू आहे. दुसऱ्या कुणी हे हसू कोरलं नसतं, म्हणून तुम्ही पाथरवटाकडे जरा आदरानं पाहता. वाइनवर श्रीमंत झालेल्या माणसाला मेल्यावरही आपलं जहाज सोबत हवंय. त्या पिंपांत काय आहे ते तुम्हाला कळतं, ती कुठं चालली आहेत याचाही अंदाज येतो. पण ती द्राक्षं डोंगरावरून पाठीवर घेऊन खाली कोण आलं? जहाजावर तो माणूस नाही. चौथ्या शतकात हेच दगड तटबंदीच्या पायात जातील, १९व्या शतकात तिथून बाहेर निघतील आणि ट्रियरच्या संग्रहालयात मानानं ठेवले जातील. उतारावरच्या माणसाला तिथंही जागा मिळणार नाही.

तो भेटतो पुढच्याच वळणावर, पीसपोर्टला.

इथं सायकल भिंतीला टेकवा आणि बूट काढा. चौथं शतक आहे, ऑक्टोबर आहे, आणि तुमच्या डोक्यावर द्राक्षांचा डोंगर अर्धगोल पसरलाय. पायथ्याशी दगडी हौदांची एक ओळ आहे. वरच्या हौदात तोडलेली द्राक्षं ओतली जातात, तुडवली जातात, आणि रस उतारानं खालच्या हौदात येतो. उरलेला चोथा तुळईच्या दाबाखाली जातो. आल्प्सच्या उत्तरेला रोमन काळातला एवढा मोठा रसकारखाना दुसरा सापडलेला नाही. तुम्ही हौदात उतरता. पहिली काही मिनिटं मजा वाटते. मग पायाला थंडी झोंबते, काड्या तळव्यांना टोचतात, गोड वासानं गांधीलमाश्या जमतात, आणि शेजारचा माणूस थांबलेला नाही म्हणून तुम्हालाही थांबता येत नाही. वरून एकामागून एक टोपल्या येतच राहतात. टोपली रिकामी करणारा माणूस पाठ सरळ करतो, श्वास घेतो आणि पुन्हा चढायला लागतो.

साधारण ३७१च्या सुमाराचा दिवस असेल तर नदीकडेही एकदा पाहून घ्या. बोर्दोहून आलेला ऑसोनियस नावाचा कवी या काठानं गेलाय. सम्राट वॅलेंटिनियनच्या मुलाचा तो शिक्षक. त्यानं या नदीवर दीर्घ लॅटिन कविता लिहिली आणि पाण्यात उलटे दिसणारे द्राक्षमळे तिच्यात आणले. मळ्यातली माणसं चढाओढीनं ओरडतात आणि खालून जाणारे नावाडी मागं राहिलेल्यांची थट्टा करतात, तेही त्यानं टिपलं. मला त्याचं हे ऐकणं फार मोलाचं वाटतं. दरबारातला माणूस होता, तरी उतारावरचा आवाज त्याच्या कानात शिरला. तुम्ही हौदात उभे असताना खालून खरोखरच कुणीतरी नावाडी वरच्या माणसांना काहीतरी ओरडतो आणि सगळा डोंगर हसतो.

पुढं हा कारखाना मातीखाली गेला. १९८०च्या दशकात बागांची फेरमांडणी चालू असताना तो वर आला, आणि आता त्याच जागी हंगामात पुन्हा द्राक्षं तुडवून दाखवतात. पाय पुसा आणि निघा, कारण बेर्नकास्टेल-क्युसला दिवसाउजेडी पोचायचं आहे.

क्युसच्या काठावरच्या धर्मशाळेचं दार उघडंच असतं. आत पंधराव्या शतकातलं अंगण आहे, कमानींची ओवरी आहे, आणि ओवरीत म्हातारी माणसं बसली आहेत. एकूण ३३, ख्रिस्ताच्या वयाच्या वर्षांइतकी. त्यांतले ६ धर्मगुरू, ६ सरदार घराण्यांतले आणि २१ साधी माणसं, सगळी पन्नाशी उलटलेली. ही धर्मशाळा निकोलाउस कुझानुसनं बांधली. १४०१ मध्ये याच गावात एका सधन नावाड्याच्या घरी तो जन्मला, कार्डिनल झाला, आणि विश्वाला केंद्र नाही असं कोपर्निकसच्याही आधी लिहून गेला. १४६४ मध्ये तो इटलीत वारला. देह रोममध्ये राहिला आणि हृदय इथल्या प्रार्थनाघरात आणून पुरलं. त्याची हस्तलिखितं वरच्या मजल्यावर आहेत. पण तुम्ही ओवरीतल्या त्या २१ जणांपैकी एकाशेजारी बसा. त्याचे गुडघे पाहा. या धर्मशाळेला कुझानुसनं द्राक्षमळे जोडून दिले, आणि त्यांच्या उत्पन्नावर या म्हाताऱ्यांची भाकरी आणि पेल्यातली वाइन चालते. ज्या उतारानं गुडघे झिजवले त्यानंच म्हातारपणी पोसावं, ही व्यवस्था या अख्ख्या खोऱ्यात मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ती टिकलीसुद्धा. संस्था आजही चालू आहे, वृद्ध आजही तिथं राहतात आणि मळे आजही तिचेच आहेत.

अठरावं शतक एका दमात ओलांडता येतं. १७८७ मध्ये ट्रियरचा आर्चबिशप क्लेमेन्स वेन्झेस्लाउस हुकूम काढतो की हलक्या जातीच्या वेली उपटा आणि चांगल्या लावा. पुढं या काठावर रीसलिंग ही द्राक्षाची जात पसरते, तिच्यामागे या हुकुमाचा हात आहे. रीसलिंग उशिरा पिकते, तोडणी नोव्हेंबरपर्यंत लांबते आणि तोवर पावसानं गाठलं तर सगळं हातचं जातं. बिशपचं आयुष्य त्या पावसावर अवलंबून नव्हतं. थोड्याच वर्षांत फ्रेंच फौजा येतात, चर्चची मालमत्ता जप्त होते, मळे लिलावात निघतात. मग वारसांत समान वाटण्या होत होत ते इतके बारीक होतात की एका कुटुंबाच्या बागा चार डोंगरांवर चार-चार ओळी अशा विखुरतात.

वेलेनला नावाड्याला हाक मारा आणि पलीकडच्या उताराच्या पायथ्याशी उतरा. १८४२ साल. मध्यावरच्या उघड्या खडकावर योडोकस प्र्यूमनं नुकतंच एक सूर्यघड्याळ बसवलंय, मळ्यात राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. काट्याची सावली पुढं सरकते तसं तुम्ही गुडघे वाकवून, एक पाय वरच्या ओळीत रोवून, पाठीवर दगडांची टोपली घेऊन चढता. पावसानं खाली वाहून आणलेला पाटीचा चुरा परत वर नेऊन टाकायचा, हेही एक कामच आहे. या उतारांवर ते न संपणारं आहे. वर पोचून तुम्ही बागवाल्याला विचारता, यंदा भाव काय? तो नुसता हात हलवतो.

त्याच्या हात हलवण्यामागे पंचवीस वर्षांची कहाणी आहे. १८१५ नंतर हे खोरं प्रशियाकडे आलं. सुरुवातीला जकातीच्या भिंतीमुळे प्रशियाच्या बाजारात मोझेलच्या वाइनला मोकळं रान मिळालं. लोकांनी कर्ज काढून नव्या बागा लावल्या. मग प्रशियानं शेजारच्या जर्मन राज्यांशी एकेक करार केला, १८३४ मध्ये सीमाशुल्क संघ झाला आणि दक्षिणेतली स्वस्त वाइन बिनजकात आत आली. भाव कोसळले. करआकारणी मात्र चांगल्या वर्षांच्या हिशेबानंच चालू राहिली. वाईट हंगाम लागोपाठ आले, बागा सावकाराकडे गेल्या, माणसं अमेरिकेची जहाजं शोधू लागली.

ही हलाखी कोलोनच्या एका वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा प्रांताच्या प्रमुखानं बातमीदाराला खोटं ठरवलं. संपादक ट्रियरमध्येच जन्मलेला, २४ वर्षांचा. त्यानं जानेवारी १८४३ मध्ये बातमीदाराच्या बाजूनं लेखमाला सुरू केली. एक-दोन अधिकाऱ्यांच्या वाईटपणावर त्यानं बोट ठेवलं नाही. शासनाची रचनाच अशी आहे की तिला आपली चूक दिसत नाही आणि दाखवणारा शत्रू वाटतो, असं त्यानं दाखवून दिलं. वसंत ऋतूत वर्तमानपत्र बंद पाडलं गेलं. तो संपादक म्हणजे कार्ल मार्क्स. पुढं त्यानंच लिहून ठेवलं आहे की सरपणाच्या चोरीचा कायदा आणि मोझेलच्या बागवाल्यांची स्थिती, यांसारख्या गोष्टींनी त्याला अर्थशास्त्राकडे वळवलं. तुम्ही ज्या ओळीत टोपली रिकामी करताय त्या ओळीचाही त्या वळणात वाटा आहे. जगभरच्या ग्रंथालयांत मार्क्सवर कपाटंच्या कपाटं भरली आहेत, त्यांतलं किमान एक तरी पुस्तक या उतारावर बसून वाचायला हवं.

सूर्यघड्याळाखालून काठानं पुढं जाताना साठ वर्षं सरतात आणि ट्राबेन-ट्रारबाख येतं. विसाव्या शतकाची सुरुवातीची वर्षं. इथं श्वासात पैशाचा वास आहे. रस्त्यावर विजेचे दिवे, नदीकाठी बर्लिनच्या ब्रूनो म्योरिंगनं आराखडा केलेल्या डौलदार इमारती, नव्या पुलाच्या तोंडाशी त्यानंच बांधलेलं भक्कम वेशीसारखं दार. वाइनच्या व्यापारात बोर्दोच्या खालोखाल या गावाचं नाव घेतलं जातं. लंडन-बर्लिनच्या मोठ्या हॉटेलांत मोझेलची उत्तम रीसलिंग बोर्दोच्या नामांकित वाइनच्या तोडीच्या भावानं विकली जाते. एखाद्या व्यापाऱ्याच्या तळघरात उतरा. पायऱ्या संपतात तिथून अंधार सुरू होतो, आणि पिंपांच्या दुतर्फा रांगा दिव्याच्या उजेडापलीकडे कुठवर गेल्यात ते दिसत नाही. सगळ्या रस्त्यांखाली अशीच तळघरं आहेत. पेला हातात आला तर नाकाशी धरा: हिरवं सफरचंद, ओला दगड, आणि जिभेवर इतका धारदार आंबटपणा की गोडव्याला त्याच्यावरच उभं राहावं लागतं. ही वाइन अस्सल आहे आणि तिचा भावही रास्त आहे. त्यातलं किती वर डोंगरावर पोचतं, एवढाच प्रश्न आहे.

उत्तरासाठी ट्रारबाखच्या बाजूच्या स्थानकावर या. ट्रियर ते बुलाय जाणारी काठावरची छोटी गाडी १९०५ मध्ये पूर्ण झाली. प्रवासी तिला पिणाऱ्यांची गाडी म्हणून लाडानं हाक मारतात. आज मात्र डब्यात कुणी पीत नाहीय. तारीख २५ फेब्रुवारी १९२६. तुम्ही उलट दिशेला, बेर्नकास्टेलकडे चाललाय. काळे कोट घातलेली, चिखलाचे बूट घातलेली माणसं गप्प बसली आहेत. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईनं बचत गेली, स्पेनशी झालेल्या करारानं स्वस्त परदेशी वाइन आली, तळघरं न विकलेल्या मालानं भरली, आणि त्याच मालावर सरकारचा वाइनकर आहेच. बेर्नकास्टेलच्या चौकात सभा होते. मग गर्दी एकाएकी करकचेरीकडे वळते. तुम्हालाही लोंढा आत ओढतो. खिडक्या फुटतात, वसुलीच्या फायली वरून खाली येतात, रस्त्यात जाळ पेटतो. तुमच्या हातात एक वही येते, तिच्यात नावं आणि आकडे आहेत. शेजारची बाई ती तुमच्या हातातून घेते आणि जाळात टाकते.

खटले होतात, शिक्षा होतात. पण काही आठवड्यांतच वाइनकर रद्द होतो. ८३ वर्षांपूर्वी एका संपादकाच्या लेखांनी जे झालं नव्हतं ते एका दुपारच्या जाळानं झालं. जाळपोळीचं मी समर्थन करत नाही, पण त्या बाईचा हातही मला विसरता येत नाही.

ती गाडी १९६०च्या दशकात बंद झाली, तिच्या मार्गाच्या काही भागावर आता सायकलवाट आहे. तिच्यावरून ट्राबेनला परत या आणि तिथून रुळांवरची दुसरी, आजही चालणारी छोटी गाडी पकडून बुलायला उतरा. तिथला पूल दुमजली आहे: वरून रूळ, खालून रस्ता. त्यावरून जाणारा ट्रियर-कोब्लेंझ हा मुख्य रेल्वेमार्ग १८७९च्या मे महिन्यात सुरू झाला. फ्रान्सकडून जिंकून घेतलेल्या मेट्झपर्यंत फौज पोचवणं हा त्याचा हेतू, वाइनची पिंपं हा नंतरचा लाभ. नदीचं एक लांबलचक वळण टाळण्यासाठी डोंगर आरपार पोखरला. तो बोगदा ४,२०५ मीटरचा, आणि शंभरएक वर्षं देशातला सर्वांत लांब. आज तुमची गाडी काही मिनिटांत कोखेमला बाहेर पडते.

इथून चालत मागं फिरा, नदीच्या वरच्या अंगाला, उजव्या काठानं. ब्रुटिगला पोचलात की १९४४ साल आहे आणि तुमचा वेग आपोआप मंदावतो. युद्धाचं सामान बनवण्यासाठी अर्धवट राहिलेल्या रेल्वेमार्गाच्या इथल्या बोगद्यात जमिनीखालचा कारखाना उभा केला जातोय. त्यासाठी नात्सवायलर छळछावणीच्या अखत्यारीत ब्रुटिग आणि डोंगरापलीकडच्या ट्राइसला उपछावण्या उघडल्या आहेत. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत अनेक देशांतले कैदी त्या बोगद्यात राबवले गेले. उपासमारीनं, आजारानं, मारहाणीनं आणि फाशीनं माणसं मेली. बोगदा द्राक्षमळ्यांच्या पायथ्याशी आहे, आणि कैद्यांना गावातून नेताना सगळं गाव पाहत होतं. पुढं बाइलश्टाइनला किल्ल्याच्या वर ज्यूंची दफनभूमी आहे. पिढ्यान्‌पिढ्या या खोऱ्याची वाइन बाहेर नेऊन विकणाऱ्यांत ज्यू व्यापारी मोठ्या संख्येनं होते, त्यांना १९३०च्या दशकात धंद्यातून आणि मग देशातून उखडलं गेलं. पर्यटकांच्या माहितीपत्रकांत हे अर्ध्या ओळीत येतं. तुम्ही इथं थांबा, शिळांवरची नावं वाचा, मगच खाली उतरून नावेनं पलीकडे जा.

शेवटची चढण आजच्या दिवसातली. एलर ते ब्रेम या दोन गावांमध्ये काल्मोंटचा उतार आहे, काही जागी ६५ अंशांच्या आसपास, युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षबागांतला. वाट अरुंद आहे, काही ठिकाणी लोखंडी दोर आणि शिड्या आहेत. डाव्या हाताला खाली नदीनं एका द्वीपकल्पाला विळखा घातलाय, तिथं श्टूबेन मठाचा उघडा सांगाडा उभा आहे. उजव्या हाताला गडगे. बिनचुन्याच्या त्या दगडी भिंती एकदा ढासळल्या की त्यांच्यामागचं शेतच खाली येतं. मधल्या काही टप्प्यांवर वेली नाहीत, काटेरी झुडपं आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या कित्येक बागा सोडून दिल्या गेल्या. सपाट बागेत यंत्र जे काम पटकन उरकतं, त्याला इथं हातांनी कित्येक पट तास लागतात, आणि दुकानात दोन्ही बाटल्या एकाच फळीवर असतात. गेल्या काही वर्षांत मोजक्या लोकांनी हिंमत करून पुन्हा लागवड केली. आता एका रुळावर दात रोवून चढणारी छोटी गाडी माणसं आणि द्राक्षांचे क्रेट वर-खाली नेते. फवारणीला काही ठिकाणी ड्रोन आले आहेत. तोडणीला पोलंड आणि रुमेनियातले मजूर येतात. पूर्वी द्राक्षं पिकतील का ही चिंता होती, आता ऑगस्टच्या उन्हात ती करपतील का ही आहे. तोडणी काही आठवडे आधी सरकली आहे, कोंब लवकर फुटतात, आणि २०२४च्या एप्रिलसारखी उशिराची थंडी आली की एका रात्रीत वर्ष जातं.

ब्रेममध्ये दारावर हिरवी डहाळी टांगलेलं घर दिसलं की आत शिरा. बागवाल्यांना वर्षातले काही महिने आपल्याच अंगणात आपली वाइन विकायची मुभा असते, ही डहाळी त्याची खूण. मालकीण पेला, पाव आणि चीज आणून ठेवते. तुम्ही वरच्या झुडपाळ टप्प्याकडे बोट दाखवता. ती म्हणते, तो आमच्या आजोबांचा. दोन गडगे नीट केले तर लावता येईल, पण दगड रचणारी माणसं मिळत नाहीत, आणि मुलाला विचारल्याशिवाय एवढा खर्च काढायचा नाही. मुलगा सध्या वाइन बनवण्याचं शिक्षण घेतोय, पुढच्या वर्षी परत येतो म्हणालाय. तुम्ही विचारता, तोडणीला माणूस लागेल का? ती तुमच्या बुटांकडे पाहते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात फोन करा म्हणते, आणि असले बूट घालून येऊ नका.